मराठवाडी बोलीतले आनंदाचे उद्गार : संवादात कोणाच्या तोंडी काय घालावं?

ढाळज

गावातल्या पोरापोरींसाठी एकांकिका बसवणं चालू आहे. गाव लातूर-धाराशिवच्या शिवेवरचं धरलंय. प्रसंग चार : मुलगी पोलीस भरतीत निवडली गेल्याची बातमी घरी येते, जत्रेतला कुस्तीचा फड, येळवशीचं (मार्गशीर्ष अमावस्येच्या शेतसणाचं) रान आणि तुळजापूरची पायी वाट. चारही प्रसंग आनंदाचे आहेत आणि अडचण तिथंच आहे. रागाचे, भांडणाचे संवाद बोलीत बरोबर उतरलेत, पण आनंद झाला की सगळी पात्रं एकदम पुस्तकी तरी बोलतात किंवा कोल्हापुरी तरी. सध्याचा मसुदा असा :

१. वडील मुलीला : "अरे वा! किती आनंदाची बातमी आहे ही!"
२. आजी नातीला : "अय्या! माझी नात पोलीस झाली!"
३. फडात मित्र : "नाद खुळा, भावा!"
४. येळवशीला सगळे मिळून : "हुर्यो!"
५. तुळजापूरच्या वाटेवर : "सदानंदाचा येळकोट! चांगभलं!"

जाणकारांनी कारणासकट दुरुस्त्या सांगाव्यात. नुसती शब्दांची यादी नकोय. कोण, कोणाला, कधी म्हणतं ते हवंय.

मांजराकाठ

विषय चांगला काढलात. व्याकरणाच्या पुस्तकात हर्षदर्शक केवलप्रयोगी अव्ययं म्हणून आहा, अहाहा, वा, वावा, ओहो अशी यादी असते. शाब्बास, भले, खाशी ही प्रशंसादर्शकात. ही यादी चुकीची नाही, पण ती अख्ख्या मराठीची आहे. "लई भारी", "एक नंबर", "कडक" हेही आता सगळीकडचं झालंय. त्यामुळे "मराठवाड्याचा खास आनंदाचा शब्द कोणता?" असं विचारत बसलात तर हाती फार लागणार नाही. मराठवाडा ऐकू येतो तो दोन जागी : उद्गाराच्या शेवटी लागणाऱ्या हाकेत आणि क्रियापदात.

आधी क्रियापद. "काय सांगताय!" हा आनंदमिश्रित नवलाचा उद्गार आपल्याकडं असा होतो :

लातूर-धाराशिवकडं : "काय सांगलालाव!" (तुम्ही), "काय सांगलालास!" (तू, पुरुष), "काय सांगलालीस!" (तू, बाई). "मज्जा येलाली."

नांदेड-परभणी-हिंगोलीकडं : "काय सांगायलाव!", "सांगायलास!", "सांगायलीस!" आणि "मज्जा यायली."

वैजापूर-गंगापूरकडं आणि जालन्याच्या वरच्या अंगाला "मजा येऊ राह्यली" असंच जास्त कानावर येतं.

तुमचं गाव लातूर-धाराशिवच्या शिवेवरचं, म्हणून सगळ्या पात्रांना "लाल"चं रूप ("सांगलालीस"सारखं) द्या. एकाच घरात बाप "सांगायलीस" आणि आजी "सांगलालीस" म्हणाली तर तिथल्या प्रेक्षकाला लगेच खटकतं. आजी माहेरची नांदेडची असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ते नाटकात कुठंतरी यायला हवं.

आता हाक. "राव" बरोबरीच्याला चालतं, थोड्या मोठ्यालाही चालतं, पण स्वतःच्या बापाला कोणी "राव" म्हणत नाही. "गा" पुरुषाला, त्यात जवळीक आहे, लातूर-नांदेडकडं "काय गा, लई भारी की!" सहज येतं. "बे" फक्त बरोबरीच्याला किंवा लहानाला, तेही नांदेड-हिंगोलीच्या विदर्भाला लागलेल्या भागात. लातूरच्या पात्राला "बे" दिलात तर तो विदर्भातला पाहुणा वाटेल. "माय" बाईला, बहिणीला आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या पोरीलाही. बाप पोरीला "ये माय" म्हणतो, त्यात लाड आणि मान दोन्ही असतात. "लेका" लहान्याला किंवा जिवलग दोस्ताला. संभाजीनगर-जालन्याकडं "भौ".

नियम सोपा आहे : आधी नातं ठरवा, मग हाक, मग उद्गार. बहुतेक लिहिणारे उलट्या बाजूनं येतात आणि म्हणून संवाद पोकळ होतो.

मांजराकाठ

एक राहिलं. बातमीच्या प्रसंगात आनंदाचा शब्द पहिला येत नाही. पहिला येतो प्रश्न. क्रम साधारण असा असतो :

पहिली पायरी, विश्वास न बसणं : "काय सांगलालीस माय!" किंवा नुसतं "व्हय?"
दुसरी, खात्री करून घेणं : "खरंच की काय? यादीत नाव बघितलीस?"
तिसरी, मोकळं होणं : "झालं बघ! झालं!" किंवा देवाचं नाव.
चौथी, हुकूम : "आरं, पेढे आण रं कुणीतरी!"

तुमच्या पहिल्या संवादात बाप एकदम तिसऱ्या पायरीवर उडी मारतोय, त्यामुळे त्याला बातमी आधीच माहीत होती असं वाटतं. शिवाय "किती आनंदाची बातमी आहे ही" यात "आनंद" हा शब्दच आलाय. खरोखर आनंदलेला माणूस त्या शब्दाचं नाव घेत नाही, ते दुसरे त्याच्याबद्दल म्हणतात : "तात्या लई हरखलेत", "त्याचा जीव सुपाएवढा झाला". ही वाक्यं शेजाऱ्याच्या तोंडी घाला, तिथं ती शोभतील.

कवड्यांची_माळ

पाचव्या संवादात दोन दैवतांचे गजर तिसऱ्याच दैवताच्या वाटेवर आलेत. हे आधी सोडवा, कारण प्रेक्षक इथं माफ करत नाही.

तुळजाभवानी : म्होरक्या "आई राजाऽऽ" म्हणतो, बाकीचे "उदो उदो!" म्होरक्या "सदानंदीचाऽऽ", बाकीचे "उदो उदो!"
खंडोबा : "येळकोट येळकोट, जय मल्हार!" आणि "सदानंदाचा येळकोट!"
जोतिबा : "जोतिबाच्या नावानं चांगभलं!"

देवीला "सदानंदीचा", खंडोबाला "सदानंदाचा". एका वेलांटीनं दैवत बदलतं, म्हणून लिहिताना नि म्हणताना जपा. "येळकोट" हवाच असेल तर लोहा तालुक्यातल्या माळेगावची जत्रा घ्या, नाहीतर नळदुर्ग-अणदूरचा खंडोबा. तिथं भंडारा उधळताना तो गजर नैसर्गिक आहे. "चांगभलं" हा जोतिबाच्या डोंगराचा गजर, तुळजापूरच्या वाटेवर त्याचं काम नाही.

बसवताना लक्षात ठेवायच्या गोष्टी. म्होरक्या एकच असावा. त्याची ओळ लांब, शेवटचा स्वर ओढलेला. जमावाचं उत्तर आखूड आणि तुटक. "उदो" दोनदाच म्हणायचं. शाळेतली पोरं जोशात तीनदा म्हणतात आणि मग म्होरक्याची पुढची ओळ त्यात बुडते. म्होरक्यानं उत्तर पूर्ण ऐकून, एक श्वास घेऊन मगच पुढची ओळ उचलावी. संबळ असेल तर त्याला गजराच्या मधल्या जागेत वाजू द्या, गजरावर नको. पायी चालणाऱ्यांचा गजर पावलाच्या ठेक्यात बसतो : "उदो" उजव्या पावलाला, पुन्हा "उदो" डाव्याला. उभ्या उभ्या तालीम केली तर हे जमत नाही, आवारात चालवूनच घ्या.

पोरांच्या गळ्यात कवड्यांची माळ असेल तर हात वर करून उड्या मारायला लावू नका. त्या वाटेवरचा आनंद चालण्यातला असतो. नाचायचं असेल ते गोंधळाच्या किंवा आराध्यांच्या मेळ्याच्या प्रसंगात.

सीमेवरचा

कवड्यांची_माळ यांच्या मुद्द्याला जोडून : सौंदत्तीच्या यल्लम्माच्या कन्नड गजरातही "उधो उधो" आहे. उमरगा-निलंगा भागातली माणसं दोन्हीकडं जातात, त्यामुळे या दोन गजरांची नाळ जुळलेली आहे हे तिकडं कुणाला सांगावं लागत नाही.

तिकडचाच दुसरा उद्गार "आबाबाबा!" पुस्तकात "अबब" आश्चर्यदर्शक म्हणून एकदाच येतो. उदगीर, देवणी, देगलूर, बिलोलीकडं तो लांबतो आणि आश्चर्यातून कौतुकात जातो : "आबाबाबा, काय ऊस आलाय!" कन्नडात "अब्बब्बा" आहे, तेलुगूतही आहे. हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच राज्यात नांदल्या, त्याची ही खूण.

आणि जुनं बघायचं तर हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात (१२ वं शतक) "अव्वो" नावाचं अव्यय आहे. त्याचे अर्थ देताना तो दुःख, विस्मय, आनंद, आदर, भय, पश्चात्ताप असं सगळं एका सूत्रात देतो. "अम्मो" मात्र फक्त आश्चर्याला. आजचं "आगं माय!" तसंच वागतं : पाय मुरगळला तरी "आगं माय", लेक अचानक दारात उभी राहिली तरी "आगं माय". शब्द एकच, फरक सुरात. दुःखाचा सूर खाली उतरतो. आनंदाचा "माय"वर चढतो आणि तिथंच थांबतो. आजीच्या कलाकाराकडून हे दोन सूर वेगवेगळे करून घ्या, कागदावर ते दाखवता येणार नाहीत.

पिंपळपार

"हुर्यो" काढून टाका. हुर्यो उडवतात ती पडलेल्याची, हरलेल्याची. तो आनंद आहे, पण दुसऱ्याच्या फजितीचा. येळवशीला रानात कोण कोणाची हुर्यो उडवणार? लहान पोरांना "हुर्रे" चालेल, पण खेड्यातल्या प्रसंगात तेही शाळेच्या मैदानाबाहेर नको.

बोरीबाभळी

येळवशीच्या प्रसंगाबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथं उद्गार आणि कृती वेगळ्या काढता येत नाहीत.

मार्गशीर्षातली अमावस्या. ज्वारी उभी, हरभरा घाट्यावर येऊ लागलेला. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले दगड मांडतात. नैवेद्याला भज्जी, आंबील, उंडे, खीर, बाजरीची भाकरी. पूजा झाली की एक जण आंबिलाचं भांडं घेतो, कोपीला फेरा मारून उभ्या पिकात शिंपडत निघतो. त्याच्या तोंडी "ओलगे ओलगे, सालन पोलगे". मागून येणारे "हर हर महादेव! हरभला भगतराजो, हरभला!" पाठ गावोगाव बदलतो. कुठं "वलग्या वलग्या" म्हणतात, कुठं "हरभलं". म्हणून तुमच्या प्रेक्षकांच्या गावात जसं म्हणतात तसंच घ्या, छापलेलं घेऊ नका.

मंचावर हमखास काय चुकतं? सगळे एका जागी कोंडाळं करून ओरडतात. हा उद्गार चालता आहे. शिंपडणारा पुढं, बाकीचे ओळीनं मागं, आणि आवाज रानभर पसरतोय असं दिसलं पाहिजे. पुढचा माणूस विंगेत गेला तरी मागचे "हरभला" म्हणत राहिले की रान मोठं वाटतं. भांडं खरंच पाण्यानं भरा. रिकाम्या भांड्यातून शिंपडण्याचा हात खोटा दिसतो. भरलेल्याच्या वजनानं खांदा आपोआप कलतो. ज्वारीचं पीठ ताकात कालवून पातळ केलंत तर रंगही बरोबर येईल, फक्त ते तासाभरापेक्षा आधी करून ठेवू नका, पीठ तळाला बसतं.

संध्याकाळी काही गावांत हेंडगा पेटवून रानातून फिरवतात. नाटकात आग नकोच. विंगेत पिवळा दिवा हलवा आणि पोरांचा आरडाओरडा लांबून ऐकवा.

जेवतानाचे उद्गार वेगळे. तिथं गजर नाही, आग्रह आहे. "घ्या की!", "आणखी भज्जी वाढा त्यांना!", "आंबील कशी झालीय, सांगा तर!" आणि खाणाऱ्याचा एकच शब्द, मान डोलवत : "ब्येस!" या एका शब्दानंतर वाढणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर जे उमटतं तोच त्या प्रसंगाचा आनंद. तिला तिथं संवाद देऊ नका.

गोदामाय

आजीबद्दल. "अय्या" शहरी, शिकलेल्या घरातला आणि तरुण बाईचा उद्गार. या आजीच्या तोंडी तो बसत नाही. तिला "माय माय माय!" द्या. तीनदा, पहिला हळू, तिसरा मोठा. मग "माझं लेकरू पोलीस झालं गं!" "नात" नको, "लेकरू". आनंदाच्या भरात नात्याचं नाव मागं पडतं आणि "लेकरू", "वासरू", "सोनं" पुढं येतं. "गं" शेजारणीला उद्देशून आहे, म्हणून शेजारीण मंचावर हवी.

आणि आजीचा खरा उद्गार हाताचा आहे. दोन्ही तळवे पोरीच्या गालांवरून, कानशिलांपासून हनुवटीपर्यंत फिरवायचे. मग मुठी वळून बोटांची पेरं स्वतःच्या कानशिलांवर टेकवून दाबायची, कडाकडा वाजली पाहिजेत. अलाबला घेणं ते हेच. पोरीवरची पीडा स्वतःवर घ्यायची. आवाज झाला तर बघणारी म्हणते, "लई नजर होती गं!" कलाकाराची बोटं वाजत नसतील तर आवाज विंगेतून देऊ नका, लगेच कळतं. नुसता हात पुरतो.

क्रम चुकवू नका : आधी पोरीचा चेहरा, मग स्वतःची कानशिलं. उलटं केलं तर अर्थ उलटा होतो.

काळीभोर

शेतकरी पात्र असेल तर एक सांभाळा. पीक चांगलं आलं हे तो ओरडून सांगत नाही. "कसंय पीक?" विचारलं तर उत्तर "बरंय." त्याहून चांगलं असेल तर "यंदा साधलं." "साधलं" ही फार मोठी पावती आहे : पाऊस वेळेवर, वापसा वेळेवर, पेरणी वेळेवर, सगळं जुळून आलं. याच्यावर शब्द नाही. या माणसाला "एक नंबर पीक!" म्हणायला लावलंत तर तो व्यापाऱ्यासारखा वाटेल. नजरेची भीती आहे, आणि पुढच्या आठ दिवसांत गारपीट होऊ शकते हेही त्याला माहीत आहे. रास मोजताना पहिल्या मापाला "एक" न म्हणता "लाभ" म्हणतात, काही ठिकाणी "बरकत". मग दोन, तीन. आनंद त्या "लाभ"च्या उच्चारात असतो, जरा लांबवलेला, आणि तेवढाच.

ढाळज

फार उपयोगी चाललंय. "नाद खुळा"चं काय करू? आणि फडात आमचा पैलवान मुसलमान दाखवलाय, त्याचे वडील कडेला बसलेत. त्यांच्या तोंडी काय द्यावं?

शेरोशायरी

"नाद खुळा" कोल्हापूरकडचं. आता मोबाइलमुळे पोरं इकडंही म्हणतात, त्यामुळे आजच्या वीस वर्षांच्या पोराच्या तोंडी चूक म्हणता येणार नाही, पण मराठवाडा दाखवायचाय तर "शाब्बास पठ्ठ्या! आसमान दावलंस की!" सरस. "शाबाश" मूळचं फारसी "शाद बाश", म्हणजे आनंदी रहा. "मजा"ही फारसीच, मूळ अर्थ चव. आपल्या बोलीत दोन्ही इतकी मुरलीत की कुणाला परकी वाटत नाहीत.

वडिलांसाठी दखनी, म्हणजे इकडची उर्दू बोली. ते मुलाला "माशाल्ला!" म्हणतील. त्यात कौतुकही आहे आणि नजर न लागो हेही आहे, म्हणजे गोदामाय यांनी सांगितलेली अलाबला शब्दांत. "सुभानल्ला" देखणेपणाला, गळ्याला, एखाद्या ओळीला. कुस्तीला तो जरा नाजूक पडतो. "मुकर्रर" चुकूनही नको, ती मुशायऱ्यातली फर्माईश आहे, ओळ पुन्हा म्हणा अशी. वली आणि सिराज या उर्दू कवींच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ही दाद जुनी आहे, पण ती मैफलीची, फडाची नाही. शेजारचा मराठी म्हातारा त्यांना म्हणेल, "काय चाचा, पोरगं वाघ निघालं की!" आणि चाचा : "हौ!" तो "हौ" आखूड आणि भरल्या गळ्यानं. पुढं काही नको.

काना_मात्रा

लेखनाबद्दल थोडं. ओढलेल्या स्वराला अवग्रह (ऽ) वापरा, तोही दोनपर्यंत : "आई राजाऽऽ". चार-पाच दिलेत तर कलाकार प्रत्येक वेळी वेगळं ओढतो. स्वराचं चिन्ह पुन्हा पुन्हा टाइप करू नका ("राजााा"), कित्येक फॉन्टमध्ये तिथं ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. जोर दाखवायला व्यंजनाचं द्वित्व आपल्या भाषेत आहेच : मजा–मज्जा, शाबास–शाब्बास, किती–कित्ती. म्हणून "मज्जा!" लिहिलंत की तीन उद्गारचिन्हांची गरज उरत नाही.

हाक उद्गाराला चिकटून आली तर मध्ये चिन्ह नको : "काय सांगलालीस माय!" बरोबर. "काय सांगलालीस! माय!" केलंत तर कलाकार मध्ये थांबतो आणि दोन माणसं बोलल्यासारखं होतं.

ढाळज

सगळं धरून नवा मसुदा :

१. वडील : "काय सांगलालीस माय! यादीत नाव बघितलीस?" (थांबून) "झालं बघ! झालं! आरं, पेढे आण रं कुणीतरी!"
२. आजी, हातात पेढ्यांचं ताट : "माय माय माय! माझं लेकरू पोलीस झालं गं!" (अलाबला)
३. मित्र : "शाब्बास पठ्ठ्या! आसमान दावलंस की! आयला, लई भारी!" चाचा : "माशाल्ला!" म्हातारा : "काय चाचा, पोरगं वाघ निघालं की!" चाचा : "हौ!"
४. येळवस : गावातल्या पाठाप्रमाणं, चालत.
५. म्होरक्या : "आई राजाऽऽ" सगळे : "उदो उदो!"

मांजराकाठ

छान झालंय. तिसऱ्यात "आयला" काढा. मुळात शिवी आहे. दोस्तांत तिची धार बोथट झालीय हे खरं, पण इथं दोन वडीलधारे दोन हातांवर बसलेत. त्यांच्यासमोर पोरगा ते म्हणणार नाही, म्हणालाच तर जीभ चावेल. त्याऐवजी "लई भारी गा!" पुरे.

गोदामाय

दुसऱ्यात आजीच्या हातात ताट ठेवू नका, अलाबला कशानं घेणार? शिवाय पेढे आणा असं बापानं आत्ताच सांगितलंय, ते इतक्यात आले कुठून? ताट शेजारणीला द्या आणि तिला आजीचं बोलणं संपल्यावर आत येऊ द्या.